वेचणीचा सदरा

त्या दिवसांत मी मशीन रिकामी चालवायचो. सुईत दोरा नसायचा, सुईखाली कापड नसायचं, तरी सकाळी दुकान उघडलं की पायडलवर पाय ठेवून अर्धा-अर्धा तास हलवत राहायचो. एका बाजूला झेरॉक्सवाला होता, समोर पानठेला. त्यांच्या कानावर आवाज पडावा, टेलरकडे काम आहे असं त्यांना वाटावं, एवढ्यासाठीच.

पांढरकवड्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. जेन्ट्स टेलर. शर्ट, पॅन्ट, सफारी, नवरदेवाचा कोट. सव्वीस वर्षं हेच केलं. एक काळ असा होता की लग्नसराईत मी नवी ऑर्डर घ्यायला नाही म्हणायचो. मग लोक तयार कपडे घेऊ लागले, मग मोबाईलवरून मागवू लागले. लग्नात आहेर म्हणून मिळालेला पॅन्टपीस शिवायला टाकायची पद्धतच संपली. तो पिशवीतून न काढता पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातो. एक मोरपंखी रंगाचा पॅन्टपीस मी तीन लग्नांत तीन माणसांच्या हातात पाहिला, आणि चौथ्या लग्नात तो मलाच मिळाला.

माझ्याकडे उरलं ते चेन बदलणं आणि जीन्स खालून कापून देणं. तेही रोज नाही. मुलगी यवतमाळला नर्सिंग शिकत होती. घर चालत होतं ते बायकोच्या मजुरीवर. ती बायांच्या टोळीसोबत कापूस वेचायला जायची. टेलरची बायको वेचणीला जाते, हे मला फार लागायचं, आणि त्याहून जास्त हे लागायचं की तिला थांब म्हणायची माझी सोय नव्हती.

कोणीतरी सांगितलं म्हणून मी यवतमाळला स्वयंरोजगाराच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेलो. शिकवणारी मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिने प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, "तुमची वस्तू पैसे देऊन घेईल अशा एका माणसाचं नाव लिहा. एकाच माणसाचं. त्याचं गाव लिहा, घरी कोण कोण आहे ते लिहा, आणि तुमची वस्तू मिळत नाही म्हणून तो आज काय वापरतो तेही लिहा."

बाकीचे लिहीत होते. शेवयांचं मशीन घेणारी एक बाई तर पाठपोट लिहून मोकळी झाली. मी बराच वेळ विचार करून लिहिलं, 'सर्व'.

मॅडम फिरत माझ्याजवळ आली, कागद पाहिला. "काका, हे कोणाचं नाव आहे?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या एसटीत तो प्रश्न काही केल्या खाली बसेना. सव्वीस वर्षं कपडे शिवले आणि एक माणूस सांगता येत नव्हता, ज्याला माझी गरज आहे.

मग मी माणूस शोधायला निघालो. आधी शाळा. गणवेशाचं विचारलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, गठ्ठ्याने तयार येतात, आमच्या हातात नाही. मग मला वाटलं, आपल्या गावावरून एवढा मोठा नागपूर-हैदराबाद रस्ता जातो, ट्रकवाल्यांची रांग लागते, त्यांना खाकी शर्ट लागत असेल. चांगल्या कापडाचे चार शिवले आणि हायवेवरच्या धाब्यांवर फिरलो. एक ड्रायव्हर बनियन-लुंगीवर बाजेवर पडला होता. त्याने शर्ट हातात घेऊन शिवण पाहिली, तारीफसुद्धा केली. मग म्हणाला, "चाचा, काम बढिया है. पर केबिन में इतनी गर्मी, शर्ट पहनता कौन है?" मी आजूबाजूला पाहिलं. खरंच, कोणाच्याच अंगात शर्ट नव्हता. हे बघायला मला चार शर्ट शिवावे लागले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस फार वाईट गेले. दुपारी जेवायला घरी जाणं मी बंद केलं. काम आहे असं बायकोला सांगायचो. ती घरी नसायचीच, तरी सांगायचो. दुकानात गिऱ्हाइकासाठी उंच आरसा लावलेला होता, त्याच्यावर मी चादर टाकली, कारण दिवसभर समोर मीच दिसायचो. मुलीचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचो. आत बोललो तर मशीन बंद आहे हे तिला कळलं असतं.

एका रविवारी बायकोने एक फाटका शर्ट माझ्यासमोर टाकला. "अजी, येवढी बाही शिवून द्या. उद्या लागते."

तो माझाच शर्ट होता, जुना. वेचणीला जाणाऱ्या सगळ्याच बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, हात सोलून निघतात. मी बाही उलटी केली. कोपरापासून मनगटापर्यंत कापड विरून जाळी झालं होतं. मग तिचा हात पाहिला. बारीक बारीक ओरखडे, काही जुने, काही त्याच दिवसाचे. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या बाह्या मोजत होतो.

त्या आठवड्यात मी सात सदरे शिवले. जाड सुती कापड, लांब बाही, मनगटाला बटण, मान झाकेल अशी कॉलर. शिवताना किती दिवसांनी हात आपसूक चालत होते. आता नाव सापडलं, असं मला वाटलं. एक नाही, शेकडो. तालुक्यात जिथे कापूस तिथे वेचणाऱ्या बाया.

सकाळी सहाला नाक्यावर बाया जमतात, शेतकऱ्यांच्या गाड्या येतात आणि टोळ्या भरून नेतात. मी पिशवी घेऊन तिथे उभा राहिलो. बायांनी सदरे उलटसुलट करून पाहिले. एकीने बाही ओढून पाहिली. "लय मजबूत हाय बाप्पा," म्हणाली. मग घडी घालून परत दिला.

"काहून, नाही पाह्यजे?"

"नवा कायले घेऊ भाऊ? घरी मालकाचे जुने पडून हायेत. फुकटात होते ना."

सगळ्यांनी हेच सांगितलं. सहा दिवस मी नाक्यावर गेलो, सहा दिवस सात सदरे घेऊन परत आलो. शेवटी बाया मला लांबून पाहूनच मान हलवू लागल्या. ज्याच्यावर नवरा पैसे खर्च करून बसला आहे ते जुनं कापड बायकोला फुकट मिळतं. त्याच्याशी मी कसा लढणार होतो? आपल्याला अक्कल नाही, हे त्या सहा दिवसांत माझ्या मनात पक्कं झालं. सातव्या दिवशी मी गेलो तो फक्त घरी बसवत नव्हतं म्हणून.

त्या दिवशी एक बाई माझ्यासमोर थांबली. काळीसावळी, काटक, माझ्याच वयाची. डोंगराकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, पायी येऊन ती इथे टोळीत बसायची. तिने दोन्ही हातांत शाळेच्या पोरांचे जुने मोजे घातले होते, पंजे कापून, कोपरापर्यंत ओढून. तिने किंमत विचारली आणि कमरेची गाठ सोडू लागली.

माझा विश्वास बसेना. "बाई, घरी जुना सदरा नाही काय?"

"कोनाचा असन भाऊ? घरात गडीमाणूसच नाही." ती अगदी सरळ म्हणाली. सदरा तिथेच अंगात घातला, मोजे काढून पिशवीत टाकले आणि गाडीत चढली.

पुढच्या तीन दिवसांत तिने आणखी चौघींना आणलं. एकीचा नवरा वारला होता, दोघींना नवऱ्यांनी टाकलं होतं, एकीने लग्नच केलं नव्हतं. सातातले दोनच सदरे उरले. मी घाईने आणखी कापड आणलं. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. माझं गिऱ्हाईक म्हणजे जिच्या घरी पुरुषाचा जुना शर्ट नाही ती बाई. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. कोणाचा नवरा नाही, याच्यावर मी धंदा करणार होतो.

पण हातात कापड होतं. मी पुढे काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते.

फाट्यापासून आत असलेल्या एका गावात मी पिशवी घेऊन गेलो. पारावर दहा-बारा माणसं बसली होती. मी रामराम केला आणि विचारलं, "भाऊ, गावात नवरा नसलेल्या बाया किती असतीन? कोन्या घरी राह्यते?"

सगळ्यांनी एकदम माझ्या पिशवीकडे पाहिलं. एक तरणा माणूस उठला. "काहून? तुले काय करायचं त्याहीचं?"

"धंद्याचं काम हाय," मी म्हणालो. याच्याहून वाईट उत्तर दुसरं नव्हतं. त्याने माझी गचांडी धरली. दुसऱ्याने पिशवी हिसकली, तिसऱ्याने थोबाडीत मारली. मी ओरडत होतो, टेलर हाव, टेलर हाव. कोणी ऐकेना. पिशवी उलटी केली तेव्हा त्यातून सदरे पडले. तेव्हा मी काय विकतो ते समजावून सांगितलं. ऐकून ते आधी एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग जे हसले, ते हसणं थोबाडीतल्या मारापेक्षा जास्त लागलं. तो तरणा माणूस एक सदरा हवेत नाचवत म्हणाला, "घ्या वो, बिनानवऱ्याचा सदरा!"

मी सदरे गोळा केले, धूळ झटकली आणि फाट्यापर्यंत चालत आलो. एसटी यायला वेळ होता. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून मी रडलो. शाळेत असल्यापासून रडलो नव्हतो.

'बिनानवऱ्याचा सदरा' हा शब्द माझ्याआधी पांढरकवड्यात पोचला. आठ दिवसांत नाक्यावर सगळ्यांना माहीत झालं होतं. माझा सदरा घातलेली बाई दिसली की गाडीवाले एकमेकांना खुणावत. एक दिवस दुकानात एक गिऱ्हाईक आली. नवऱ्याने टाकलेल्या दोघींपैकी एक. सदरा धुऊन, घडी घालून तिने मशीनवर ठेवला.

"घ्या भाऊ. चांगला हाय. पण हा घातला की लोक वळखते. सदरा नव्हता तवा कोनी वळखत नव्हतं."

मी पैसे परत दिले. ती गेल्यावर बराच वेळ त्या घडीकडे पाहत होतो. तिच्या हातांवर पुन्हा ओरखडे येणार होते, आणि ते माझ्यामुळे.

मग मला एकच मार्ग दिसला. नवरा असलेल्या एखाद्या बाईने तो घालून नाक्यावर उभं राहायला पाहिजे होतं. अशी कोण घालणार? मी बायकोपुढे सदरा धरला.

तिने तो दूर सारला. "मी जित्या नवऱ्याची बायको हाय. हा सदरा मी आंगाले लावू? तोंडातून निघालं कसं तुमच्या?"

"त्या बायाही जित्याच हायेत ना," मी म्हणालो.

ती उठून चुलीकडे गेली. पाच दिवस बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, सकाळी माझा तोच शिवलेला जुना शर्ट घालून जायची. मीही विचारणं सोडलं. दुकानाला गिऱ्हाईक मिळेल का, असं एकाला विचारूनही ठेवलं. मशीनचा भाव काय येईल, हेही विचारलं. एका रसवंतीवाल्याला माणूस हवा होता, त्याला मी येतो म्हणालो.

सहाव्या दिवशी बाजाराची सुट्टी होती. दुपारी बायको दुकानात आली. ती दुकानात कधीच येत नसे. तिच्यासोबत ती पोडावरची बाई होती, माझी पहिली गिऱ्हाईक. दोघी गिऱ्हाइकाच्या बाकावर बसल्या. बाईच्या अंगात माझा सदरा होता. लोक काय म्हणतात त्याची तिला पर्वा नव्हती.

"आमी सोबत येचतो आठ दिवसांपासून," बायको म्हणाली. "एकाच ओळीत. संध्याकाळी हात पाह्यले. हिच्या हातावर येक वरखडा नाही. माह्या पाहा." तिने हात पुढे केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सदरा चांगला हाय. पण तुमी चुकले."

"कुठं चुकलो?"

"गड्याचा सदरा शिवला तुमी. बटनं गड्याच्या बाजूनं. खिसा छातीवर. बाईनं छातीवरच्या खिशात काय ठेवाचं? वाकलं की मांगून वर चढते. खांदे तर येवढे की दुसरी बाई मावन त्यात."

पोडावरची बाई हसली. म्हणाली, "भाऊ, आमच्या घरी नवरा नाही म्हून तू आमाले नवऱ्याचा सदरा शिवून देल्ला. म्हून तर लोकाहीले समजते."

खरं होतं. सव्वीस वर्षांत मी एका बाईचं माप घेतलं नव्हतं. मी जेन्ट्स टेलर. कापड हातात आलं की हात पुरुषाचाच शर्ट कापत होते. बायांना काय हवं ते विचारायचं सोडून मी त्यांच्या घरी कोण आहे ते विचारत फिरलो होतो.

बायकोने टेप उचलला आणि बाईला उभं केलं. माप तिने घेतलं, मी लिहिलं. खांदा उतरता. मागून लांब, पुढून जरा आखूड. खिसा खाली बाजूला, आत, झाकणाचा, ज्यात मोबाईल आणि डबीतली तंबाखू राहील. बाहीच्या टोकाला अंगठा घालायला भोक, म्हणजे बाही सरकत नाही आणि पंजाची मागची बाजू झाकली जाते. हे शेवटचं त्या बाईनेच सुचवलं, मोज्याच्या अनुभवावरून. कापड कोणतं, यावर दोघींचं भांडण झालं. शेवटी बायकोने परकराचं फुलाफुलाचं जाड कापड निवडलं. "असं कापड गडी घालन काय?" ती म्हणाली. "मंग झालं."

पहिला सदरा बायकोने घातला. निळ्यावर पिवळी फुलं. सकाळी निघताना दुकानात थांबून आरशावरची चादर तिनेच ओढून काढली, पुढून-मागून पाहिलं आणि कपाळाचं कुंकू नीट केलं. मी तिच्यासोबत नाक्यापर्यंत गेलो, पण अलीकडे एका पानठेल्याच्या आडोशाला थांबलो. ती बायांमध्ये गेली. कोणीतरी काहीतरी म्हणालं, मला ऐकू आलं नाही. बायको काहीतरी बोलली आणि सगळ्या खो खो हसल्या. नंतर तिला विचारलं, काय म्हणाली? तिने आजवर सांगितलेलं नाही.

त्या हंगामाचा महिना-सव्वा महिना उरला होता. तेवढ्यात जितके शिवले तितके गेले. नवरा असलेल्या, नसलेल्या, सासवा, सुना, सगळ्यांनी घेतले. रसवंतीवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं. तो शब्दही हळूहळू मागे पडला. सगळ्यांच्याच अंगात फुलं दिसू लागल्यावर कोणाला काय ओळखणार? सदरा परत केलेली बाई मात्र पुन्हा आली नाही. मी तिच्यासाठी एक बाजूला ठेवला होता. कोणी म्हणालं ती वणीकडे भावाकडे गेली, कोणी म्हणालं राजूरला. एकदा कामासाठी राजूरला गेलो होतो, तर कोळशाने काळ्या झालेल्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या बायांची तोंडं पाहत फिरलो. सापडली नाही. पोडावरच्या बाईला मी फुलांचा सदरा फुकट देऊ केला. तिने पैसे देऊनच घेतला.

सगळं मार्गी लागलं असं म्हणता येणार नाही. वेचणी संपली की आठ महिने सदऱ्याचं नाव कोणी घेत नाही. दुसऱ्या वर्षी बाजारात तसेच सदरे तयार येऊन पडले, पातळ कापडाचे, माझ्यापेक्षा स्वस्त. अंगठ्याचं भोकही होतं त्यांना. तो ढीग पाहिला त्या दिवशी मी दुकान न उघडता परत घरी येऊन झोपलो. बायकोने उठवलं. म्हणाली, पातळ कापड दोन वेचण्यांत फाटते, तवा येतीन. काही आल्या, काही नाही आल्या. पावसाळ्यात आता आम्ही तण निंदणाऱ्या बायांना काय लागतं ते विचारत फिरतो. विचारते बायको. मी पिशवी धरतो.

परवा उमरखेडच्या पलीकडे बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर गेलो होतो. लांबचा प्रवास, दोन एसट्या बदलून. ओळखीचं कोणी नाही, तिथली गोरबोली आम्हाला येत नाही. तांड्याच्या तोंडाशी माणसं बसली होती. ते पाहून मला तो पार आठवला. बायकोने माझ्या हातातून पिशवी घेतली.

"तुमी इथंच बसा," ती म्हणाली, "कोनी काही इचारलं तर टेलर हाव म्हना. दुसरं काही बोलू नोका."

मी बसलो. एका म्हाताऱ्याने पाणी दिलं, कोणत्या गावचे म्हणून विचारलं. घरांच्या मागून बायांचे आवाज येत होते, त्यात माझ्या बायकोचा आवाज वेगळा कळत होता. त्या घेत होत्या की नाही म्हणत होत्या, ते तिथून समजत नव्हतं. परतीची एसटी अर्ध्या तासावर आली होती, आणि पिशवी हलकी होऊन येते की तशीच, ते पाहत मी रस्त्याकडे पाठ करून बसून राहिलो.